संदर्भ दिलास, पण तो लेख उघडून पाहिलास का?

या महिन्यात आलेली पत्रं जवळजवळ सगळी एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम. करणाऱ्या मुलामुलींची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची आहेत. रिसर्च प्रोजेक्ट सबमिट करायचे दिवस जवळ आले की असंच होतं. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी सत्तावीस वर्षं काम करते आहे. हेच प्रश्न रोज माझ्या काउंटरवर येतात, म्हणून या वेळी थोडं सविस्तर लिहिते.

प्रश्न : मॅडम, मी एम.ए. भूगोलाच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. ठाणे खाडीतल्या कोळ्यांची मासेमारी कशी बदलत गेली, हा माझ्या प्रोजेक्टचा विषय. लिटरेचर रिव्ह्यूसाठी, म्हणजे आधीच्या अभ्यासांच्या आढाव्यासाठी, मी चॅटजीपीटीकडून सव्वीस संदर्भ घेतले. सगळे एपीए या संदर्भ लिहायच्या ठरलेल्या पद्धतीत, अगदी नीट होते. सरांनी त्यातल्या पाच पेपरच्या प्रती आणायला सांगितल्या. दोन मिळाले, तीन कुठेच सापडत नाहीत. सबमिशनला पाच आठवडे आहेत. सरांना काय सांगू? — एक विद्यार्थिनी, कळवा

सरांना खरं सांग, आणि उद्याच सांग. ‘सर, ही यादी मी चॅटजीपीटीकडून घेतली आणि तपासली नाही. तीन पेपर सापडत नाहीत. मी सगळी यादी पुन्हा तपासून दोन आठवड्यांत दाखवते.’ एवढं पुरे. सर रागावतील, रागावू देत. व्हायवाच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांसमोर हे उघड होण्यापेक्षा आज त्यांच्या केबिनमध्ये ऐकून घेतलेलं शंभर पटीने बरं.

आता ते तीन पेपर का सापडत नाहीत ते समजून घे. कारण कळलं नाही तर पुढच्या वेळी पुन्हा हेच होईल. हे यंत्र कपाटातून पुस्तक काढून देत नाही. एका शब्दापुढे कोणता शब्द येणं जुळतं, त्या अंदाजाने ते मजकूर रचतं. आणि संदर्भाची ओळ ही रचायला सगळ्यात सोपी गोष्ट, कारण तिचा साचा ठरलेला असतो : आडनाव, वर्ष, शीर्षक, जर्नलचं नाव, खंड, पानं. साचा अचूक भरला की आपल्याला वाटतं आतला मालही खरा असणार. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी अशाच रचलेल्या, कधी घडलेच नाहीत अशा खटल्यांचे दाखले न्यायालयात दिले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. ते शिकलेसवरलेले वकील होते. तेव्हा तू स्वतःला मूर्ख समजू नकोस. पण तपासल्याशिवाय कागदावर लिहिलंस, ही चूक मात्र तुझी आहे.

मागच्या वर्षी एक मुलगा असाच कागद घेऊन माझ्याकडे आला होता. आम्ही दोघं वाचनकक्षातल्या संगणकापुढे बसलो. कागदावर पट्टी ठेवली आणि एकेक ओळ खाली सरकवत गेलो. अकरावा संदर्भ मी विसरणार नाही. जर्नल खरं होतं. लेखिकाही खरी होती, त्याच विषयात काम करणारी. वर्ष आणि खंड एकमेकांशी जुळत होते. जर्नलच्या साइटवर जाऊन त्या खंडाची अनुक्रमणिका उघडली, तर त्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा खेकड्यांवरचा पेपर होता. तो मुलगा काही वेळ स्क्रीनकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, ‘मॅडम, मी यावर दीड पान लिहिलंय.’ न वाचलेल्या, अस्तित्वातच नसलेल्या पेपरबद्दल दीड पान! मला त्याचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. पदवीची तीन वर्षं आमच्याच इमारतीत काढलेला मुलगा, आणि संदर्भ म्हणजे ‘हे मी स्वतः पाहिलं आहे’ असा दिलेला शब्द असतो, हे त्याला आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं.

तर तू तीच पट्टी घे. प्रत्येक शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गुगल स्कॉलरवर टाक. डीओआय दिला असेल, म्हणजे दहा आणि टिंबाने सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक, तर तो डीओआय डॉट ओआरजीवर टाकून कुठे जातो ते बघ. तिथेही नाही जमलं तर जर्नलची साइट उघडून त्या अंकाची अनुक्रमणिका बघ. तिन्हीकडे नाही मिळालं की लाल पेनने काट मार. आणि जे मिळतील तेही तसेच ठेवू नकोस. निदान सारांश, पद्धत आणि तू ज्या पानाचा आधार घेणार आहेस ते पान वाच. अलीकडे ही यंत्रं इंटरनेटवर शोधून लिंकही देतात. ती लिंक उघडून, तिथे खरंच तसंच म्हटलंय का, हे तुलाच बघावं लागेल. सव्वीसचे नऊ उरले तरी चालतील. नऊ वाचलेले संदर्भ असलेला प्रोजेक्ट मी कुणालाही अभिमानाने दाखवेन.

आता नवीन शोध. तुझा विषय मला फार आवडला, म्हणून त्यावर थोडी रेंगाळते.

‘ठाणे खाडी मासेमारी’ एवढंच टाकून बसू नकोस. आधी वहीत लिही : काय बदललं असं तुला वाटतं? जाळी? होड्या? माशांच्या जाती? पाणी? कोळीवाड्यातल्या मुलांचा व्यवसाय? प्रत्येकाचे शोधशब्द वेगळे असतात. ‘जिताडा’ हे माशाचं नाव टाकलंस तर रेसिपी मिळतील. त्याचं शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. ते इंग्रजीत टाकलंस की मत्स्यशास्त्राचे पेपर येतील. निवटीसाठी मडस्किपर. कोळी ज्या जाळ्याला डोल म्हणतात, त्याला इंग्रजी अभ्यासातही ‘डोल नेट’च म्हणतात, हे पाहून तुला बरं वाटेल. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचं साहित्य तिच्या डिजिटल भांडारात मोफत वाचता येतं. आपल्या शेजारी वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे, तिथल्या ग्रंथालयात कॉलेजचं पत्र घेऊन जाता येतं का, ते आधी फोन करून विचार.

जुनं साहित्य हवं असेल तर नावांची स्पेलिंगं बदलून शोध. इंग्रजांच्या काळात ठाण्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी ‘ई’ नव्हता, ‘ए’ होता. आपण वाचताना त्याला ‘थाना’ म्हणतो. साष्टीचं झालं साल्सेट. १८८२ साली निघालेलं मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचं ठाणे जिल्ह्याचं पुस्तक, तेरावा खंड, आज घरबसल्या वाचता येतं. त्यात कोळ्यांविषयी माहिती आहे. पण ती राज्य करणाऱ्यांनी राज्य चालवण्यासाठी गोळा केलेली आहे, हे डोक्यात ठेवून वाच. जुन्या मराठी पुस्तकांत ‘ठाणें’ असं अनुस्वारासकट असेल, तेही करून बघ. एक अडचण मराठीपुरती आहे : बरीच जुनी पुस्तकं नुसती स्कॅन केलेली असतात, शब्द टाकून आत शोधता येत नाही. तिथे अनुक्रमणिका बघून पानं उलटावीच लागतात.

खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. त्यामुळे अलीकडचं साहित्य शोधताना पक्षीच आधी समोर येऊ शकतात. त्यात ‘फिशर्स’, ‘लाइव्हलीहूड’ असे शब्द जोडत जा.

आणि शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने चालवलेलं हे पीएच.डी. प्रबंधांचं भांडार. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं, म्हणून ते उभं राहिलं. तिथे प्रबंधाची प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. मुलं दुसरं प्रकरण डाउनलोड करतात, कारण लिटरेचर रिव्ह्यू तयार मिळतो. तू आधी शेवटची फाइल उघड, संदर्भसूचीची. एखाद्या मेहनती माणसाने पाच वर्षं घालवून जमवलेली वाट तुला तिथे मिळते. त्या वाटेने मूळ पेपरपर्यंत मात्र स्वतः जा.

एक शेवटचं. तू कळव्यात राहतेस. विटाव्याला, चेंदणी कोळीवाड्यात जाऊन सत्तरी ओलांडलेल्या चार माणसांशी, त्यातल्या दोन तरी मासे विकणाऱ्या बायका असू देत, शांतपणे बोल. परवानगी घे, तारीख लिही, त्यांचेच शब्द लिही. हा संदर्भ तुला कुठलंही यंत्र देणार नाही.

प्रश्न : मी एम.एस्सी. करतो. कुठलाही चांगला पेपर उघडला की तीस-पस्तीस डॉलर मागतात. मित्र म्हणतात टेलिग्रामवर सगळं मिळतं, लायब्ररीत वेळ घालवू नकोस. कायदेशीर मार्गाने गरीब विद्यार्थ्याला वाचता येतं का? — घणसोली

येतं, आणि तुझ्यासाठी पैसे बहुधा आधीच भरले गेले आहेत. हे वाक्य मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी समोरचे चेहरे चकित होतात.

तुझ्या ग्रंथपालांकडे जा आणि दोन गोष्टी विचार. कॉलेजने एन-लिस्ट, म्हणजे कॉलेजांसाठीची ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकांची सेवा, घेतली आहे का? असेल तर तुझ्या नावाचं लॉगिन मिळेल आणि हजारो जर्नल्स, लाखाच्या वर ई-पुस्तकं घरून वाचता येतील. दुसरं, तुझी संस्था ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये आहे का? केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. तुझं कॉलेज खासगी असेल तर त्या यादीत नसेलही. पण विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचता येतं का, ते विचार. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र घेऊन कलिन्याला जायला एक दिवस मोडेल, पण मोडू दे. जाण्याआधी हव्या असलेल्या पेपरची यादी करून ने, म्हणजे तिथे जाऊन शोधत बसायला नको.

आमच्याकडे लॉगिन काढून नेणारी मुलं बरीच, पण पासवर्ड विसरलो म्हणून पुन्हा येणारी थोडीच. पुन्हा आलं नाही याचा अर्थ मी ओळखते : ते लॉगिन उघडलंच गेलं नाही. मला याचं मनापासून दुःख होतं, कारण सबस्क्रिप्शनचा तो पैसा लोकांचा आहे.

घरबसल्या आणखी दोन मार्ग. गुगल स्कॉलरवर पेपरच्या खाली ‘ऑल व्हर्जन्स’ असं लिहिलेलं असतं, ते दाब. पुष्कळदा लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या साइटवर ठेवलेली प्रत तिथे असते. ब्राउझरमध्ये अनपेवॉल नावाचं एक्स्टेंशन जोडलंस तर मोफत प्रत असल्यास तेच दाखवतं. आणि काहीच नाही मिळालं तर लेखकालाच ईमेल कर. नाव, कॉलेज, प्रोजेक्टचा विषय, ‘आपला अमुक पेपर वाचायला मिळेल का’, एवढ्या चार ओळी. आमच्या एका विद्यार्थिनीला परदेशातल्या प्राध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी पेपर पाठवला, सोबत त्याच विषयावरचे आणखी दोन. ती ते पत्र छापून घेऊन मला दाखवायला आली होती.

टेलिग्रामबद्दल विचारलंस म्हणून सांगते : ते कायदेशीर नाही. आणि तिथे आलेली फाइल पूर्ण आहे का, शेवटची आवृत्ती आहे का, पेपर नंतर मागे घेतला गेला का, हे कळायला मार्ग नसतो. मागे घेतलेल्या पेपरवर प्रयोग उभा करणं किती महागात पडतं, हे तुझ्या मॅडमना विचार.

प्रश्न : माझ्या डेझर्टेशनचा सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी किती जुळतं ते सांगणारा अहवाल, १८ टक्के आला. वाशीत एक जण पैसे घेऊन तो ८ टक्क्यांवर आणून देतो. देऊ का? — एम.कॉम.ची विद्यार्थिनी, नेरूळ

नको देऊस.

यूजीसीचे २०१८ चे नियम असे आहेत : १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर दुरुस्त करून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सबमिट करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नीट संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, कायद्याचा मजकूर, सर्वसामान्य शब्दप्रयोग यांची जुळणी त्यात धरायची नसते. म्हणून आधी तपासणाऱ्यांना विचार की हे सगळं वगळून १८ आले की न वगळता. कदाचित तुझं अर्धं काम तिथेच होईल.

मग पूर्ण रिपोर्ट माग आणि रंगवलेली प्रत्येक ओळ बघ. ती वाक्यं तुझ्या वाचण्यातली आहेत, पण तुझ्या शब्दांत उतरलेली नाहीत. मूळ पान मिट, पाच मिनिटं थांब, मैत्रिणीला सांगतेस तसं बोलून बघ, मग लिही आणि खाली संदर्भ दे.

पैसे घेणारा माणूस बहुधा एक सॉफ्टवेअर वापरतो, ते शब्दांच्या जागी दुसरे शब्द घालतं. अशा लिखाणात ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’चं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेलं संशोधकांनी २०२१ साली छापील पेपरांत पकडलं आहे. तुझ्या डेझर्टेशनमधल्या ‘वर्किंग कॅपिटल’चं काय होईल, विचार कर. परीक्षक विचारतील तेव्हा उत्तर तुला द्यायचं आहे, त्या वाशीच्या माणसाला नाही.

एक गोष्ट टक्क्यांत दिसत नाही. इंग्रजी पेपर मराठीत उतरवून नाव न देता घातला, तर सॉफ्टवेअरला बहुतेक कळणार नाही. तरी ती चोरीच. हे तू विचारलं नाहीस, पण मराठी माध्यमातून लिहिणारी पुष्कळ मुलं हे करतात आणि त्यांना ते चूक वाटत नाही, म्हणून लिहिलं.

प्रश्न : माझी मुलगी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला एका आंतरराष्ट्रीय जर्नलचा ईमेल आला : १,८०० रुपये भरा, तीन दिवसांत पेपर प्रसिद्ध, सोबत प्रमाणपत्र. मुलगी म्हणते सगळेच करतात, पुढे पीएच.डी.ला उपयोग होईल. पैसे भरू का? — एक पालक, ऐरोली

ताई, भरू नका. तीन दिवसांत कुणीही जाणकार तो पेपर वाचून, शंका काढून, परत पाठवून पुन्हा तपासू शकत नाही. म्हणजे तो कुणी वाचणारच नाही. तुमच्या मुलीची पहिली मेहनत कुणीही न वाचता छापली जावी, असं तुम्हालाही वाटणार नाही.

साइटवर ‘आयएसएसएन आहे’ लिहिलं असेल. तो नुसता नोंदणीचा क्रमांक, दर्जाची खूण नव्हे. ‘यूजीसी अप्रूव्हड’ लिहिलं असेल, तर यूजीसीने मान्य जर्नल्सची आपली केअर यादीच बंद केली आहे. मुलीला सांगा, संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकाचं नाव घेऊन त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवरून त्यांना ईमेल कर आणि विचार, आपण या मंडळावर आहात का. आपलं नाव तिथे आहे हे त्यांना माहीतच नसण्याची शक्यता असते. ते १,८०० रुपये तिच्या प्रोजेक्टच्या फील्डवर्कला, लोकलच्या पासाला आणि झेरॉक्सला द्या. चांगला झाला तर त्याच प्रोजेक्टमधून तिच्या मॅडमच्या मदतीने एक पेपर निघेल. त्याला सहा महिने, वर्ष लागेल.

प्रश्न : नातू इतिहासात एम.ए. करतो. तो म्हणतो, भारतातली पहिली रेल्वे ठाण्याला आलीच नाही! आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो. खरं काय? — एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा

आजोबा, दोघंही बरोबर आहात, मधला एक शब्द गळला आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली ती भारतातली पहिली प्रवासी रेल्वे. त्याआधी १८३७ साली मद्रासजवळ रेड हिल्स इथे दगड वाहून नेण्यासाठी रेल्वे चालली होती, आणि १८५१ साली रुरकीजवळ सोलानी नदीवरच्या कालव्याच्या बांधकामासाठीही. ‘प्रवासी’ हा शब्द सोडला की वाक्य चुकतं.

नातवाला मात्र विचारा, त्याला हे कुठे मिळालं. फोनवरच्या फॉरवर्डमधून असेल तर त्याला घेऊन मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९३ पासूनची आपल्या ठाण्याची संस्था आहे, तुमच्या घरापासून लांब नाही. रेल्वेच्या इतिहासावरची पुस्तकं काढून दोघं मिळून ती पानं शोधा आणि पुस्तकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक त्याच्याकडून वहीत लिहून घ्या. सापडलं की मला कळवा. पुढच्या अंकात तुमच्या दोघांच्या नावांनी छापू.